खुर्चीमागच्या फरश्या

अप्पांच्या जुन्या लेन्सला बुरशी लागली होती, आणि त्यात नवल काही नव्हतं. दमट खोली, बंद कपाट, कित्येक वर्षं हात न लावलेला कॅमेरा. काचेच्या आत पांढरे धागे पसरायचेच. अप्पांनी उभी हयात फोटोच्या धंद्यात घालवलेली. बुरशी धरलेली लेन्स म्हणजे नासलेलं दूध, पुन्हा धड होत नाही, हे त्यांनीच कितीतरी जणांना ऐकवलं होतं. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. लेन्स डब्यात टाकायची सोडून त्यांनी ती कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली.

घराची पुढची लांबट खोली म्हणजे त्यांचा स्टुडिओ. एका अंगाला मोठी खिडकी, टोकाला राखाडी रंगाची कोरी भिंत, खाली काळ्या-पांढऱ्या चौकोनी फरश्या. पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जांचे, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो त्यांनी तिथेच काढले. अर्धी वस्ती त्या राखाडी भिंतीसमोर न हसता बसून गेली होती. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, गिऱ्हाईक आटलं, आणि अप्पांनी पाटी उतरवली. कुरकुर केली नाही. काळ बदलतो, आपण काय त्याचे जावई आहोत, असं म्हणाले आणि खुर्चीवर चादर टाकली.

डोळ्यांचं मात्र त्यांनी असं हसण्यावारी नेलं नाही. दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मधोमध एक करडा डाग बसला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं, आणि ज्याच्याकडे बघत नाही ते कडेकडेने दिसायचं. कप उचलायचा तर नजर किटलीवर ठेवायची, अशी कसरत. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, डाग वाढत जाणार, कडाही जाणार, औषध नाही. अप्पांनी मान डोलावली. घरी येऊन जोडे काढताना एकदम त्यांच्या लक्षात आलं की बायकोचा चेहरा आपण शेवटचा नीट कधी बघितला ते आठवतच नाही. ते तिथेच दाराशी बसून रडले.

त्यांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. दाराची बेल वाजली तरी कडी काढताना तिच्या तोंडून ‘हॅलो’ निघायचं, म्हणून गल्लीने तिचं नाव हॅलोबाई ठेवलं होतं. जीभ अशी की अप्पांनी एक शब्द टाकावा आणि तिने चार परत करावेत. त्या दिवशीही ती शेजारी फतकल मारून बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “रडताय कशाला? एवढ्या सुरकुत्या बघायच्या वाचल्या म्हणा.” मग तीही रडली, पण ते अप्पांना फक्त ऐकू आलं.

अप्पांनी मनाशी पक्कं केलं. तिचा एकच फोटो काढायचा, पण असा की पापणीचा केस न् केस मोजता यावा. तो दाराएवढा मोठा करून स्टुडिओत लावायचा. एवढा मोठा चेहरा डोळ्याच्या कडेने, तुकड्यातुकड्याने का होईना, बघता येईल. कडाही जायच्या आत तो पाठ करून टाकायचा, म्हणजे मग अंधार आला तरी हरकत नाही. याखेरीज त्यांना आयुष्याकडून आता काही नको होतं.

मोबाईलवर काढा की, असं हॅलोबाईने सुचवून बघितलं. अप्पा म्हणाले, मोबाईल फोटो काढत नाही, रंगरंगोटी करतो. आधी सुरकुत्या पुसतो, मग माणूस. फोटो काढायचा तर फिल्मवरच.

फिल्मचा कॅमेरा होता, लेन्स नव्हती. आणि हाताने फोकस करायची लेन्स आता अप्पांच्या काय कामाची? मधलाच भाग दिसत नाही त्याने फोकस काय डोंबलाचा करायचा. त्यांचा कॅमेरा ऑटोफोकसच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला. लेन्स फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या पोटात. तोंडापाशी एक बारीक स्क्रू बाहेर येतो, तो लेन्सच्या खाचेत बसतो आणि तिला फिरवतो. समोरची वस्तू नेमकी पकडली की लेन्स थांबते आणि कॅमेरा बारीक ‘टीं’ करतो. डोळे नसले तरी कान होते. अप्पांचा भरवसा त्या आवाजावर होता.

ते चिमट्याकडे गेले. चिमट्याचं दुकान एका जिन्याखाली. बोटांत सतत चिमटा धरलेला, म्हणून चिमटा. जुने कॅमेरे दुरुस्त करायचा, विकायचा, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत रोल धुऊन फोटोही करून द्यायचा. शहरात हे काम करणारा तेवढा तोच उरला होता. अप्पा त्याला तो मिसरूड फुटायच्या आधीपासून ओळखायचे.

चिमट्याने पहिली लेन्स दिली ती गुळगुळीत, नवी. कॅमेऱ्यावर खट्कन बसली. अप्पांनी बटण दाबलं तर ढिम्म. तिची मोटर तिच्याच पोटात, आणि त्या मोटरला वीज पोचवायची सोय या म्हाताऱ्या कॅमेऱ्यात नव्हती. “लग्न लागलं, पण संसार नाही,” चिमटा म्हणाला.

दुसरीला खाच होती, ती फिरलीही. पण उजेडाचं छिद्र लहानमोठं करायची कडी तिच्या अंगावर नव्हती. नव्या कॅमेऱ्यांना ती लागत नाही, ते आतूनच हुकूम सोडतात. जुन्याला ती भाषा येत नाही. मग छिद्र कायम सुईच्या नेढ्याएवढं आणि फोटो काळाकुट्ट. तीही बाजूला गेली.

तिसरी चिमट्याने दाखवलीच नाही. अप्पा त्याच्याशी बोलत असताना डोळ्याच्या कडेने त्यांना ती दिसली, वरच्या फळीवर, बाकीच्यांपासून लांब ठेवलेली. उतरवायला लावली. खाच होती, कडी होती, चेहऱ्याच्या फोटोला हवी तेवढीच लांबी, काच स्वच्छ. असं रत्न दडवून का ठेवलंस, असं अप्पांनी विचारलं. चिमटा जरा घुटमळला. दडवलं नाही म्हणाला, दोनदा विकलं, दोनदा परत आलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, फोकस चुकतो. दुसऱ्याने कारणच सांगितलं नाही, लेन्स ठेवली आणि निघून गेला. चिमट्याने स्वतः ती उघडून, तपासून, पुन्हा बांधली होती. त्याला दोष सापडला नव्हता.

अप्पांनी तिथेच परीक्षा घेतली. समोरच्या दुकानाच्या पाटीवर धरली, टीं. रस्त्यावरच्या सायकलीवर धरली, टीं. मग दुकानाच्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर धरली. कोऱ्या जागेत कॅमेऱ्याला पकडायला काही सापडत नाही; लेन्स या टोकाहून त्या टोकाला जाते, परत येते, पुन्हा जाते, आणि शेवटी नाद सोडते. ही लेन्सही तशीच वागली. म्हणजे शहाणी होती. अप्पा खूश होऊन घरी आले.

हॅलोबाईने खुर्चीवरची चादर काढली. लेन्सवर फोकसबरोबर फिरणारी एक वेगळी कडी होती, तिच्या कडेला तिने आपल्या नेलपॉलिशचे तीन टिपके दिले, हाताला लागतील असे जाड: एक अगदी जवळच्या टोकाला, एक खुर्चीच्या अंतराला, एक मागच्या भिंतीच्या अंतराला. लेन्स कुठे थांबली ते अप्पांना बोटाने कळावं म्हणून. जन्मभर स्वतः वापरायला वेळ मिळाला नाही, आता यंत्राची नखं रंगवतेय, असं ती म्हणाली.

दुपारी खिडकीतून छान सपाट उजेड आला होता. ती खुर्चीत बसली, अप्पांनी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर धरला. लेन्स फिरली, टीं झालं. बोट टिपक्यावर गेलं तर कडी खुर्चीच्या टिपक्याच्या जरा पुढे, भिंतीच्या टिपक्याच्या बाजूला थांबलेली. अप्पांना वाटलं, बोट चुकलं असेल. त्यांनी सगळा रोल काढला.

चिमट्याने रोल धुतला आणि फोटो भिंग लावून बघितले. सांगितलं, काकू सगळ्याच फोटोंत धूसर आहेत. मात्र त्यांच्या खुर्चीच्या मागे फरश्यांची एक ओळ आहे, ती इतकी स्पष्ट की सांधे मोजावेत. लेन्स मागे मारतेय. त्याने लेन्स उघडली, काहीतरी सरकवलं, पुन्हा बांधली.

अप्पांनी दुसरा रोल घातला. या वेळी चाचणी म्हणून त्यांनी खुर्ची आधी पुढे घेतली, मग बरीच पुढे, मग थोडी मागे. हॅलोबाई उठबस करून वैतागली. म्हणाली, एवढं तर ऑफिसातल्या साहेबानेही नाचवलं नव्हतं. पण प्रत्येक वेळी मान ताठ करून बसली. प्रत्येक वेळी टीं झालं.

हा रोल धुतल्यावर चिमट्याने निरोप पाठवला नाही. तो स्वतः घरी आला. स्टुडिओच्या दारातच उभा राहिला आणि आत फरश्यांकडे बघत राहिला. अप्पांनी चहा विचारला, त्याने नको म्हटलं.

“अप्पा, लेन्स चुकली तर खुर्चीबरोबर चुकायला हवी,” तो म्हणाला. “खुर्ची पुढे आली की चूकही पुढे यायला हवी. ही चुकत नाहीये. खुर्ची कुठेही असो, ही दरवेळी त्याच फरश्यांवर जाते.”

“तिथे आहे काय?”

“काही नाही. तेच तर. नुसत्या हवेत तिला काय सापडतं?”

मग त्याने लेन्स परत मागितली. दुसरी कुठून तरी मिळवून देतो म्हणाला. किती दिवसांत, ते त्याला सांगता येईना. अप्पांनी तेवढंच धरून ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत आता कडाही धुरकट व्हायला लागल्या होत्या. सकाळी खिडकीची चौकट कापडातून बघावी तशी दिसायची. थांबायला त्यांच्यापाशी सवड नव्हती. त्यांनी चिमट्याला वाटेला लावलं आणि विचार करत बसले.

आता इथे दुसरा कुणी असता तर घाबरला असता, निदान लेन्स तरी परत करून मोकळा झाला असता. पण अप्पा पडले फोटोवाले. फोटोवाल्याचं डोकं एकाच दिशेने चालतं. समोरचा माणूस फोकसमध्ये नाही, आणि फोकस तर काही केल्या हलत नाही. मग हलवायचं कुणाला? उभं आयुष्य ते गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते: जरा मागे सरका, अजून थोडं, हां, बस्स. त्यांना ती युक्ती सुचली आणि आपल्या अकलेचं त्यांना कौतुक वाटलं. चिमट्याने दाखवलेल्या त्या ओळीवर त्यांनी खुर्ची नेऊन ठेवली.

हॅलोबाई बसायला गेली आणि अर्ध्यातून उठली. “इथे नको हो,” ती म्हणाली. “कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी जागा गरम आहे.”

अप्पांनी सीटवर हात फिरवला. खरंच कोमट होती. उन्हाने असेल म्हणाले, जरी खिडकीचं ऊन तिथवर पोचत नव्हतं आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी तिला सांगितलं की एकच फोटो, मग पुन्हा कधी त्रास देणार नाही. तिने त्यांच्या गालावरून हात फिरवला, म्हणाली, “काढा. तुमच्यासाठी बसते,” आणि बसली.

लेन्स जेमतेम फिरली. टीं. बोट टिपक्यांवर गेलं, आणि कडी जिथे हवी तिथेच होती. अप्पांनी बटण दाबलं.

त्यानंतर बराच वेळ खुर्ची करकरली नाही. अप्पांनी विचारलं, उठतेस ना? ती हो म्हणाली आणि उठली.

फोटो बघून चिमटा म्हणाला की अशी धार जन्मात बघितली नाही. दाराएवढा मोठा केला तरी कुठे फुटला नाही. देताना तो एवढंच बोलला की काकूंचं तोंड थोडं उघडं आहे, काही म्हणत होत्या का? अप्पा हसले. तिचं तोंड बंद असलेला फोटो हवा तर ती झोपल्यावर काढावा लागेल, म्हणाले. खिडकीसमोरच्या लांब भिंतीवर त्यांनी तो लावला आणि त्याच्याकडे तिरकं उभं राहून बघू लागले. डावी भुवई दिसली. तिच्यातला तो वाकडा केस दिसला, जो तरुणपणी ती उपटून टाकायची. अप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

रोज ते थोडा थोडा चेहरा पाठ करायचे. कपाळ झालं, कान झाले, नाकाचा शेंडा झाला. घरात शांतता होती. इतकी शांतता त्या घराने बघितली नव्हती. अप्पा म्हणाले मीठ कमी आहे, तर ती हो म्हणायची. अप्पा म्हणाले नाही, बरोबर आहे, तरी हो. आवाज तिचाच, तोच घसा, तीच पट्टी. सुरुवातीला अप्पांनी चिमट्याला गमतीने सांगितलंही, म्हातारपणी बायको ऐकायला लागली, नशीब उघडलं. चिमटा हसला नाही. काकूंना डॉक्टरांकडे न्या, म्हणाला. अप्पांनी नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सगळं ठीक आहे, यांना काहीही झालेलं नाही.

एकदा बेल वाजली, कडी निघाली, दार उघडलं, आणि पोस्टमनने विचारलं, कुणी आहे का घरात? ती त्याच्या समोरच उभी असणार. दार दुसऱ्या कुणी उघडलेलं नव्हतं. ‘हॅलो’ आलं नव्हतं. अप्पांनी आतून ऐकलं आणि ते चाचपडत दाराशी गेले. तिच्या हाताला हात लावला तर तो गारही नव्हता आणि उबदारही नव्हता. खुर्चीच्या पाठीला हात लावावा तसा होता. ती नाराज आहे, फोटोचा राग धरून बसलीय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. चेहरा दिसला असता तर एका नजरेत कळलं असतं. पण चेहऱ्याकडे बघावं तर तिथे डाग.

फोटोतलं तोंड त्यांनी शेवटी घेतलं. ओठ तुकड्यातुकड्याने जुळवायला कितीतरी दिवस गेले. आणि ते जुळले तेव्हा अप्पांच्या लक्षात आलं, हे बोलणारं तोंड नव्हे. स्वयंपाकघरात पाय घसरला किंवा बोट कापलं की ती ‘अहो’ म्हणून हाक मारायची, तेव्हा ते असं उघडत असणार. ती हाक मारत होती. अप्पा चार पावलांवर उभे होते, आणि त्यांनी ती ऐकली नव्हती.

ते कॅमेरा घेऊन स्वयंपाकघरात गेले. आत रोल नव्हता, पण फोकसला रोल लागत नाही. ती खिडकीशी बटाटे सोलत होती. सुरी चालल्याचा आवाज येत होता. बरोबर त्या आवाजावर त्यांनी कॅमेरा धरला आणि बटण अर्धं दाबलं.

लेन्स या टोकाहून त्या टोकाला गेली. परत आली. पुन्हा गेली.

त्यांनी कॅमेरा दाराच्या चौकटीवर धरला. टीं. टेबलावरच्या किटलीवर धरला. टीं. पुन्हा तिच्यावर धरला, आणि मोटर कण्हत इकडून तिकडे फिरत राहिली.

“जरा उजेडात येतेस?” अप्पा म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. पावलं वाजली. कॅमेऱ्याला तिथेही काही सापडलं नाही.

भिंतीला हात लावत अप्पा स्टुडिओत आले आणि दार लोटून घेतलं. खुर्ची कधीच कोपऱ्यात गेली होती. टोकाच्या कोऱ्या भिंतीसमोर नुसत्या फरश्या होत्या. दुपारची वेळ, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाणी वाहत होतं. त्यांनी कॅमेरा त्या रिकाम्या जागेवर धरला.

टीं.

कडीवर बोट फिरवलं. खुर्चीच्या टिपक्याच्या जरा पुढे, त्याच फरश्यांवर. “अगं,” ते म्हणाले. आपला आवाज त्यांना ओळखू आला नाही. “अगं, मी आहे.”

पुन्हा बटण दाबलं. टीं. कडी टिपक्याच्या जरा अलीकडे थांबली होती.

पुन्हा दाबलं. आणखी अलीकडे.

ती येत होती. अप्पांना ते बोटाने कळत होतं. बाकी कशानेच कळत नव्हतं. पावलं वाजत नव्हती, समोर राखाडी उजेडाखेरीज काही नव्हतं. त्यांनी दुसरा हात पुढे पसरला. हवेत तो हलवून बघितला, वर, खाली. हाताला काही लागलं नाही. ते रडत होते आणि बटण दाबत होते. मीच बसवलं तुला तिथे, ते म्हणाले, नको म्हणत होतीस तरी बसवलं.

टीं. अलीकडे.

टीं. आणखी.

मग कडी जवळच्या टोकाच्या टिपक्यावर येऊन आदळली आणि तिथेच थांबली. मोटर अजून फिरायला बघत होती. हाताच्या अंतराहून जवळचं त्या लेन्सला दिसत नाही. त्यांची बायको तिथे थांबलीय की त्याहूनही पुढे आलीय, हे कळायला अप्पांकडे काही साधन उरलं नाही.

त्यांनी कॅमेरा छातीशी घेतला, काच वर करून, आणि डोळ्याच्या कडेने काचेकडे बघितलं. खिडकीचा उजेड काचेवर तिरका पडला होता. काचेवर बाहेरून धुक्याचा एक पांढरट गोल होता. तो हळूहळू लहान झाला. मग पुन्हा मोठा झाला. पुन्हा लहान झाला.

श्वास होता तो. घाईघाईचा. धावत आलेल्या माणसाचा.

अप्पांनी कॅमेरा तसाच उचलून काच गालाला लावली. गालाला ओल लागली. आपलीच की तिची, त्यांना कळलं नाही. त्यांनी तसंच उभं राहायचं ठरवलं, रात्र झाली तरी, पाय मोडले तरी.

मागे दार उघडलं. त्यांनी पावलं ऐकली. ती ओळखीची होती. हातातून कॅमेरा अलगद काढून घेतला गेला.

“काच घाण झालीय,” बायकोच्या आवाजात ती म्हणाली. कापड काचेवर फिरल्याचा आवाज आला. तिने घाई केली नाही. मधून पुसली, मग गोल गोल कडेपर्यंत पुसली, मग पुन्हा एकदा. आणि कॅमेरा त्यांच्या हातात परत दिला.

अप्पांनी तो फरश्यांवर धरला. कोपऱ्यावर धरला. खिडकीपासून भिंतीपर्यंत सगळी खोली फिरून बघितली. खिडकीची चौकट सापडली, खुर्ची सापडली. मधल्या जागेत काही सापडलं नाही. श्वास लागेपर्यंत त्यांनी शोधलं. शेवटी ते आवाज आला होता त्या दिशेला वळले.

“तू समोर उभी आहेस ना?”

“हो.”

लेन्स या टोकाहून त्या टोकाला गेली, आणि परत आली.